ही मात्रा वैद्याची

'त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही' यातली मात्रा काना-मात्रेतली का, असा प्रश्न आलाय. नाही हो, ही वैद्याची. मात्रा म्हणजे मुळात माप, किती द्यायचं ते. पुढे औषधालाच मात्रा म्हणू लागले. सगळ्यांत धाकाची हेमगर्भाची. सोनं, पारा, गंधक घातलेली टणक कांडी, सहाणेवर आल्याच्या रसात किंवा मधात उगाळून अत्यवस्थ माणसाला चाटवायची. ती बाहेर निघाली की घरातले काय ते समजून जात. माप वळशांचं, म्हणजे सहाणेवर किती वेळा गोल फिरवली त्याचं. आमच्या सदाशिव पेठेत बाळगुटी उगाळताना वळसे अजून मोजतात, वेखंडाचा एक जास्त झाला की आजी ओरडलीच! 'मात्रा लागू पडली' मात्र हल्ली औषधापेक्षा धपाट्यांबद्दलच जास्त ऐकू येतं.