टेबलाला पट्टे हवेत की नुसत्या रेघा? मॅन्युअलच्या सीएसएसवरून वाद

विश्रामबागची लेखिका

कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी मी देखभालीचं मॅन्युअल मराठीत लिहिते. आता ते कागदाऐवजी फिटरच्या मोबाइलवर, ब्राउझरमध्ये उघडतं. थीमबरोबर, म्हणजे तयार साच्याबरोबर, टेबलांचे (तक्त्यांचे) सजावटीचे नियम, म्हणजे सीएसएस, आयतेच आले होते: चारी बाजूंनी चौकट, गडद निळं हेडर (कॉलमच्या नावांची ओळ), एक आड एक राखाडी पट्टे. गेल्या महिन्यात मी हे सगळं काढलं. आता प्रत्येक ओळीखाली एक बारीक आडवी रेघ, मजकूर डावीकडे, आकडे उजवीकडे, बस्स. तिथल्या एका इंजिनिअरांचं म्हणणं आलं, "टेबल उघडंबोडकं दिसतंय, पट्टे परत घाला." माझं मत ठाम आहे, पट्टे नकोत.

पट्टे येतात एनटीएच-चाइल्ड इव्हनने, म्हणजे प्रत्येक दुसरी ओळ रंगवणाऱ्या नियमाने. ते नुसत्या ओळी मोजतं, ओळीत काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आमच्या वंगणाच्या टेबलात एका पंपाला तीन जागी ग्रीस द्यायचं असतं, म्हणून पंपाच्या नावाचा सेल रोस्पॅनने तीन ओळींवर पसरलेला आहे. पहिल्या पंपाचं नाव पांढऱ्यावर, शेजारी मधलीच ओळ राखाडी. पुढच्या पंपाचं नाव अख्खं राखाडी आणि शेजारी मधली ओळ पांढरी. वाचणाऱ्याला वाटतं, या रंगांना काहीतरी अर्थ आहे. आणि शोधताना नको त्या ओळी लपवल्या तरी मोजणीत त्या राहतातच, मग शेजारशेजारच्या दोन ओळी एकाच रंगाच्या होतात.

दुसरं म्हणजे थीम इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून केलेली. हेडरला अपरकेस (मोठी इंग्रजी अक्षरं) आणि लेटर-स्पेसिंग (अक्षरांमध्ये जास्त जागा) होतं. देवनागरीत अपरकेसचा परिणाम शून्य, पण लेटर-स्पेसिंगने शिरोरेघ तुटते. 'तपासणी'ची चार अक्षरं चार ठिकाणी! लाइन-हाइट (ओळीची उंची) १.२ होती, त्यात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला चिकटायचा. ती १.६ केली तेव्हा कुठे टेबल वाचता येऊ लागलं.

कुपवाडचा मेंटेनन्सवाला

ताई, शिरोरेघेचं पटलं. पट्ट्यांचं पटत नाही. तुम्ही टेबल घरात, पंख्याखाली बघताय. आमच्याकडे पत्र्याची शेड, दुपारी शटर उघडं, मोबाइलवर ऊन पडलेलं. तुमची ती फिकट रेघ दिसतच नाही. एका हातात पाना, दुसऱ्या हाताला ग्रीस, अंगठ्याने स्क्रीन सरकवायची. तिथे ओळ धरून ठेवायला पट्टाच लागतो.

परवाचीच गोष्ट. टॉर्कचं टेबल, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचं, डावीकडे बोल्टचं माप आणि पुढे ८.८, १०.९, १२.९ हे ताकदीचे ग्रेड. नव्या पोराला एम १० चा, ८.८ ग्रेडचा बोल्ट आवळायचा होता. टेबलात ४९ न्यूटन-मीटर आहे, त्याने पाना लावला ७२ वर. बोल्ट ताणला गेला, काढून टाकावा लागला. पोरगं हुशार आहे, पण आकड्यांच्या त्या मोकळ्या रानात त्याची नजर सटकली.

विश्रामबागची लेखिका

दादा, हे तुम्ही सांगितलंत ते फार बरं झालं. आत्ताच ते टेबल उघडून बघितलं. ७२ हा आकडा एम १० च्याच ओळीत आहे, १०.९ च्या कॉलममध्ये. ओळ चुकली असती तर त्याने खालच्या एम १२ चा ८५ वाचला असता. म्हणजे ओळ त्याने बरोबर धरली होती, कॉलम चुकला. पट्टे असते तरी हेच झालं असतं.

फिकट रेघेची चूक मात्र माझी. रंग आजच गडद करते. आणि कॉलम का चुकला असेल? पोरगं खाली सरकलं, हेडर वर निघून गेलं, कुठला आकडा कुठल्या ग्रेडचा ते डोक्यात ठेवावं लागलं. म्हणून हेडरला पोझिशन स्टिकी लावते, म्हणजे सरकवलं तरी ते वरच चिकटून राहील. बॉर्डर-कोलॅप्स कोलॅप्स ठेवलं, म्हणजे शेजारच्या सेलच्या रेघा एकच केल्या, तर सरकवताना हेडर जागेवर राहतं आणि त्याखालची रेघ ओळींबरोबर निघून जाते, हे मी भोगलंय. ते सेपरेट (वेगवेगळ्या रेघा) करून बॉर्डर-स्पेसिंग (मधली जागा) शून्य ठेवलं की रेघ हेडरलाच राहते.

मिरजेचा फ्रंटएंडवाला

मॅडम, वेबपानांची दिसणारी बाजू बनवणं हेच माझं काम, म्हणून सांगतो, एवढ्याने भागणार नाही. आडवं सरकवायला तुम्ही टेबलाभोवती ओव्हरफ्लो-एक्स ऑटो असलेला डिव्ह, म्हणजे आडवी सरकणारी चौकट, घातला असणार. मग स्टिकी हेडर त्या डिव्हला चिकटतं, पानाला नाही. पान वर सरकलं की हेडर गायब. डिव्हला उंचीची मर्यादा घाला, म्हणजे आतल्या आत सरकेल. पण छोट्या स्क्रीनवर पानात एक सरकणं आणि टेबलात दुसरं, हे बोटांना जड जातं.

माझं म्हणणं, मोबाइलवर टेबल ठेवूच नका. प्रत्येक ओळीचं कार्ड, म्हणजे एकाखाली एक माहिती असलेला वेगळा चौकोन, करा. कॉलमचं नाव डेटा-लेबलमध्ये ठेवा आणि बिफोरने प्रत्येक आकड्याआधी छापा. 'ग्रेड ८.८: ४९' असं समोर दिसल्यावर ७२ कोण वाचेल?

विश्रामबागची लेखिका

कार्डाला माझा सक्त विरोध आहे. टेबल असतं ते वर-खाली ताडून बघायला. एम १० आणि एम १२ शेजारी दिसले की आकडा किती वाढतो ते नजरेला कळतं. कार्ड केलं की ते गेलं. शिवाय त्यासाठी टेबलाच्या ओळींना डिस्प्ले ब्लॉक द्यावं लागतं, म्हणजे त्या साध्या ठोकळ्यांसारख्या मांडाव्या लागतात, आणि मग स्क्रीन रीडरला (मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) ते टेबल म्हणून कळेलच याची खात्री राहत नाही. टीएचला (हेडरच्या सेलला) स्कोप, म्हणजे ते नाव कुठल्या आकड्यांचं ते, लिहायची एवढी मेहनत घ्यायची आणि सीएसएसच्या एका ओळीने ती घालवायची?

मिरजेचा फ्रंटएंडवाला

टॉर्कपुरतं मान्य. पण तुमच्या मॅन्युअलमध्ये 'बिघाड, कारण, उपाय' अशीही टेबलं असतील. तिथे कोण काय ताडून बघतो? फिटर एकच बिघाड शोधतो आणि त्याचा उपाय वाचतो. तीन कॉलममध्ये मराठी वाक्यं कोंबली की एकेका ओळीत दोन-दोन शब्द. तिथे कार्डच हवं.

साताऱ्याहून, छपाईवाला

कागद गेला असं तुम्ही सगळे धरून चाललाय. आमच्याकडे असली टेबलं छापून मशीनजवळ लावतात. ब्राउझर प्रिंट काढताना मागचे रंग आपोआप गाळतो, प्रिंट-कलर-अ‍ॅडजस्ट एक्झॅक्ट (रंग जसेच्या तसे छाप) असं सांगितलं नाही तर पट्टे कागदावर येतच नाहीत. रेघा येतात. हेडरवर निळ्यावर पांढरी अक्षरं असतील तर तीही फिकट पडतात. म्हणून मी ताईंच्या बाजूने. टीहेड (टेबलाचा हेडरचा भाग) नीट लिहिलं असेल तर हेडर प्रत्येक पानावर पुन्हा छापलं जातं, आणि टीआरला (टेबलाच्या ओळीला) ब्रेक-इनसाइड अव्हॉइड दिलं की ओळ मधोमध कापली जात नाही.

सांगलीचे मास्तर

इंजिनिअरिंगच्या पोरांना मी मशीन ड्रॉइंग शिकवत असे. तुमचं भांडण रंगाचं नि रेघेचं, पण मुळात हे टेबल एकच का आहे? फिटर आधी काय बघतो? बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं, ते. माप नंतर. मग ग्रेडची तीन छोटी टेबलं करा, प्रत्येकावर कॅप्शन 'ग्रेड ८.८' असं मोठ्या अक्षरात. दोन कॉलम, माप आणि टॉर्क. त्यात चुकायला जागाच कुठे राहते?

विश्रामबागची लेखिका

सर, हे मला सुचायला हवं होतं. दोन कॉलमचं टेबल मोबाइलवर आडवं सरकवावंच लागत नाही, म्हणजे त्या डिव्हची आणि स्टिकीची कटकटही इथे संपली. कॉलमचा घोळ माझ्या रेघांनी मिटलाच नसता. टॉर्कची तीन टेबलं आज रात्री करते. बिघाडांच्या टेबलाबद्दल मिरजकरांचं ऐकते, पण ते टेबल राहणार नाही, सरळ मथळे आणि परिच्छेद होतील. वर्षभराच्या देखभालीचं अकरा कॉलमचं वेळापत्रक उरतं. ते सरकणारच, तिथे पहिला कॉलमही स्टिकी करते. पट्टे कुठेच घालणार नाही.

कुपवाडचा मेंटेनन्सवाला

टॉर्कला पट्टे नसले तरी चालतील. अकरा कॉलमच्या वेळापत्रकाला मात्र मी अजून मागतोय. गुरुवारी दुपारी दोनला शेडमध्ये या, शटर उघडं असतं. तुमचं रेघांचं आणि जुनं पट्ट्यांचं, दोन्ही पोराच्या हातात देऊ आणि सप्टेंबरची फिल्टर बदलायची तारीख शोधायला सांगू.