दाढ काढणं परवडतं, वाचवणं नाही

एकांनी लिहिलंय की गरीब लोक अज्ञानामुळे दातांकडे दुर्लक्ष करतात. मला हे अजिबात पटत नाही. आमच्या सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांना मजुरी हजार विड्यांमागे मिळते. दाढ वाचवायची तर रूट कॅनाल, म्हणजे आतली कीड साफ करून दाढ भरणं; त्याला तीन-चार खेपा, प्रत्येक खेपेला मजुरी बुडणार, वर फी आणि दाढेवर बसवायच्या कॅपचा खर्च वेगळाच. दाढ उपटणं एका फेरीत उरकतं. माझी शेजारीण मांडीवर सूप घेऊन विड्या वळता वळता ठणकणाऱ्या हिरडीवर मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दाबते, तेवढ्यापुरतं बधिर होतं म्हणून. तीच मिश्री हिरड्या पोखरते, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढवते. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया बसते, रूट कॅनाल नाही! फिरता दंत दवाखाना विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, संध्याकाळी, कारखान्यात विड्या जमा करून झाल्यावर, यायला हवा.