जाळीचा पट्टा आणि खानापूरचा पाऊस

घड्याळाच्या धातूच्या जाळीच्या पट्ट्यात हातावरचे केस अडकतात अशी तक्रार असते, ती खरी, पण सरसकट नाही. बारीक, घट्ट विणीच्या, मिलानीज म्हणतात त्या जाळीत हा त्रास फारसा होत नाही. स्वस्त पट्ट्यांच्या कडा नीट घासलेल्या नसतात, खरी बोच तिथली. घेताना कडेवरून बोट फिरवून बघा.

आमच्या खानापूरच्या पावसात चामड्याच्या पट्ट्याला बुरशी धरली, म्हणून बेळगावात खडेबाजारातून जाळीचा आणला. घड्याळ घरीच ठेवून गेलो होतो (शहाणपणा!). २० मिमी रुंदीचा पट्टा घेतला, घड्याळ निघालं १८ मिमीचं. पट्टा बसतो त्या दोन कानांमधलं अंतर आधी मोजा. विणीत घाम-मळ साचतो, तो जुन्या टूथब्रशने साबणपाण्यात निघतो, फक्त पट्टा घड्याळापासून काढून मगच धुवा.