मदत हवी आहे: अण्णांचा मायलोमा (रक्ताचा कॅन्सर) उतरतोय म्हणतात, मग हाडातली भोकं का भरत नाहीत?

टॉवेलवाली:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. आम्ही सोलापूरचे, अशोक चौकाच्या बाजूला राहतो. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ६६, वजन ५२ किलो, सगळी उमर टॉवेलच्या कारखान्यात मागावर गेली. मागच्या दिवाळीपासनं पाठ दुखायची, उभं राहून दुखत असेल असं त्यांनाही वाटायचं आणि आम्हालाही, इतकी वर्षं मागापुढं उभा राहिलेला माणूस, पाठ दुखणारच की ओ. एका डॉक्टरांनी एक्सरे बघून मणक्यात गॅप आहे म्हणाले, बेल्ट दिला, दुखायच्या गोळ्या दिल्या, त्या संपल्या की अण्णा मेडिकलमधनं स्वतःच आणायचे, फारच दुखलं तर इंजेक्शन मारून यायचे. मधी एकदा बोन स्कॅन पण केला, तो नॉर्मल आला! आम्ही खूश.

जूनमध्ये पाणी आलेल्या दिवशी मी कामावर होते, आई पाईप लावत होती आणि अण्णांनी बॅरलमधनं भरलेली बादली उचलली, कमरेत कट् असा आवाज आला म्हणे आणि तिथंच बसले ते उठलेच नाहीत. ॲडमिट केलं तर हिमोग्लोबिन ७.८, किडनीचं क्रिएटिनिन ३.१, कॅल्शियम १२.४, मग कुणीतरी हुशार डॉक्टर भेटले त्यांनी प्रोटीनची टेस्ट लावली, हाडातला मगज काढून तपासला आणि मल्टिपल मायलोमा निघाला. मणका दबलेला, बरगड्यांना आणि खुब्याला भोकं.

आता बोर्टेझोमिब ह्या कॅन्सरच्या औषधाची चार सायकल झालीत, पोटावर इंजेक्शन, सोबत गोळ्या. एम स्पाइक, म्हणजे रक्तातलं मायलोमाचं प्रोटीन, ४.२ होता तो ०.६ वर आला, हिमोग्लोबिन १०.४, क्रिएटिनिन १.९. डॉक्टर म्हणतात छान रिस्पॉन्स आहे. परवा हुतात्मानं पुण्याला जाऊन पेट सीटी केला तर रिपोर्टमध्ये लिहिलंय की आजाराची ॲक्टिव्हिटी खूप कमी, पण लिटिक लीजन्स, म्हणजे हाडातली भोकं, तशीच. आता मला हेच कळेना की कॅन्सर गेला तर भोकं का राहिली? घर जळायचं थांबलं पण भिंती तशाच, असं काहीतरी आहे का? हाडाचं म्हणून एक झोलेड्रोनिक नावाचं सलाईन असतं ते पण डॉक्टरांनी थांबवून ठेवलंय, किडनी सुधारू दे म्हणाले. शेजारचे म्हणतात कॅल्शियमच्या गोळ्या चालू करा, देऊ का? ओपीडीत इतकी गर्दी की दोन मिनिटांवर बोलायला मिळत नाही. कुणाच्या घरात हे झालंय का?

कडकभाकरी:
ताई, कॅल्शियम मनानं अजिबात देऊ नका, ह्या आजारात हाड विरघळून कॅल्शियम रक्तात येतं, तुमच्या अण्णांचं १२.४ होतं ना, ते त्याचंच. डॉक्टर रक्त बघून सांगतील तेव्हाच, व्हिटॅमिन डी पण आधी तपासून. माझ्या आईला हेच झालेलं, सहा वर्षं आम्ही ह्यात काढली म्हणून बोलतोय, मी डॉक्टर नाही.

तुमचा भिंतीचा दाखला बरोबर आहे. आपलं हाड म्हणजे रोज थोडं पाडायचं आणि थोडं बांधायचं काम चालू असतं, पाडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. मायलोमाच्या पेशी दोन्हीकडनं मारतात. आरएएनकेएल नावाचा निरोप वाढवून पाडणाऱ्यांना जोर देतात, आणि डीकेके-१, स्क्लेरोस्टिन असली प्रोटीन्स वाढली की बांधणारे गवंडी कामावरच येत नाहीत. औषधानं कॅन्सर उतरला की पाडकाम थांबतं पण गवंडी लगेच परत येतील असं नाही, कित्येक पेशंटमध्ये पूर्ण रिमिशन आलं तरी जुनी भोकं दिसतच राहतात. म्हणून रिपोर्टमध्ये भोकं आहेत एवढ्यावरनं आजार आहे असं नाही, ॲक्टिव्हिटी बघायची. बोर्टेझोमिब त्यातल्या त्यात बरं, ते गवंड्यांना थोडंफार उठवतं असं अभ्यासात दिसलंय.

लॅबवाला_सोलापूर:
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, आमच्याकडं ह्या गोष्टी बघायला मिळतात म्हणून दोन शब्द. बोन स्कॅन नॉर्मल आला हे वाचून हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं, कारण त्याचंही उत्तर वरच्या गवंड्यातच आहे. त्या स्कॅनमधलं किरणोत्सारी औषध जिथं नवीन हाड बनतंय तिथं जमा होतं. मायलोमात नवीन हाड बनतच नाही, मग स्कॅनला दिसणार काय? हाडाची अल्कलाइन फॉस्फेटेज ही टेस्ट पण बऱ्याचदा नॉर्मल येते, त्याच कारणानं. आणि साध्या एक्सरेत भोक दिसायला हाडातला तीसेक टक्के तरी माल गेलेला असावा लागतो. म्हणून आता पूर्ण शरीराचा लो डोस सीटी, पेट सीटी किंवा एमआरआय करतात.

तसंच लघवीच्या पट्टीचं. पट्टी अल्ब्युमिन पकडते, मायलोमाचं प्रोटीन तिला फारसं दिसतच नाही, किडनी खराब होत असते आणि पट्टीवर प्रोटीन निल. १८४४ साली लंडनच्या एका किराणा व्यापाऱ्याला उडी मारताना छातीत काहीतरी तुटल्यासारखं झालं, तुमच्या अण्णांच्या बादलीसारखंच म्हणा. त्याच्या लघवीतलं विचित्र प्रोटीन हेन्री बेन्स जोन्स ह्या डॉक्टरनं तपासलं, गरम केलं की गोठायचं, उकळलं की विरघळायचं, थंड झालं की परत दिसायचं. तेच बेन्स जोन्स प्रोटीन. माणूस १८४६ च्या पहिल्याच दिवशी गेला, शवविच्छेदनात हाडं मऊ आणि ठिसूळ निघाली होती. बघा किती जुनी गोष्ट आहे आणि आपल्याकडं अजून गॅपवरच गाडी अडते.

आणि हो, दुखायच्या डायक्लोफिनॅक टाइपच्या गोळ्या-इंजेक्शनं बंद, किडनीला तीच मारतात. वेदनेसाठी डॉक्टरांना दुसरं मागा. पाणी भरपूर, फक्त किती ते किडनीच्या डॉक्टरांना विचारून.

टॉवेलवाली:
अरे देवा, तीच इंजेक्शनं घेत होते ते. कळलं असतं तर... असो. झोलेड्रोनिकचं कुणी सांगेल का, थांबवलंय ते बरोबर ना? मला वाटलं सरकारी योजनेत बसत नाही म्हणून टाळतायत.

कडकभाकरी:
नाही हो ताई, बरोबर थांबवलंय. नुसतं क्रिएटिनिन बघत नाहीत, वय, वजन धरून क्लिअरन्स, म्हणजे किडनी किती गाळते ते, काढतात. तुमच्या आकड्यांवर मी हिशोब केला, २८ च्या आसपास येतो, आणि ३० च्या खाली असेल तर ते द्यायचं नसतं. वर गेला की डोस कमी करून सुरू होईल, पूर्ण डोस ४ मिलिग्रॅम असतो, कमीत कमी १५ मिनिटं सावकाश सोडायचा. हे औषध पाडकाम थांबवतं, गवंडी आणत नाही, पण त्यानं फ्रॅक्चर कमी होतात हे पक्कं आहे. ब्रिटनमध्ये १९६० पेशंटवर अभ्यास झाला, २०१० मध्ये छापून आला, त्यात झोलेड्रोनिकवाले जुन्या गोळ्यावाल्यांपेक्षा साडेपाच महिने जास्त जगले, म्हणजे हाडाचं औषध आयुष्यही वाढवतं असं दिसलं.

किडनीचा प्रश्न असलेल्यांना डेनोसुमॅब असतं, चामडीखाली इंजेक्शन, महिन्याला १२० मिलिग्रॅम. २०१८ च्या अभ्यासात १७१८ पेशंट होते, हाडाच्या बाबतीत दोन्ही सारखीच निघाली, किडनीचा त्रास मात्र डेनोसुमॅबवाल्यांत शंभरात १० आणि झोलेड्रोनिकवाल्यांत १७. पण त्यात कॅल्शियम खाली घसरतं, किडनी कमजोर असेल तर जास्तच, आणि मधेच बंद केलं तर मणके पटापट दबायची भीती असते. आईला आम्ही ते एकदा चुकवलं होतं, पैशांची अडचण, खोटं कशाला बोलू, डॉक्टर लई रागावले. तेव्हा सुरू करायच्या आधी किती दिवस परवडेल ते विचारून घ्या.

दातखिळी:
दंतवैद्य आहे, म्हणून धावत आले. कोणतंही सुरू करायच्या आधी अण्णांचे दात बघितलेत का? हलता दात, किडलेली मूळं, तंबाखू-मिश्री, काय काय आहे? ह्या दोन्ही औषधांवर असताना दात काढला तर कधीकधी जबड्याची जखम भरतच नाही, हाड उघडं पडतं. म्हणून जे काढायचं ते आधी काढा, जखम पूर्ण भरू द्या, मग सलाईन. सुरू झाल्यावर दंतवैद्याला आधी सांगायचं की हे चालू आहे. गप्प बसून दात उपटून घेणारे पेशंट मी बघितलेत.

टॉवेलवाली:
खालच्या दोन दाढा हलतायत! आणि कडक भाकरी सोडत नाहीत, शेंगाचटणी बरोबर कटाकट खातात, मी ओरडले की म्हणतात आता हे पण सोडू का. मिश्री पण आहे.

पंढरपूर_रोड:
माझ्या सासऱ्यांना महिन्याला न देता तीन महिन्यांनी झोलेड्रोनिक दिलं, चालतं म्हणे, तुम्ही पण विचारा, फेऱ्या वाचतील.

कडकभाकरी:
ते २०१७ चं आहे, अमेरिकेत १८२२ पेशंटमध्ये दर १२ आठवड्यांनी दिलं तरी हाडाचे त्रास वाढले नाहीत. पण त्यातले मायलोमाचे फक्त २७८ होते, बाकी स्तन आणि प्रोस्टेटचे. विचारायला हरकत नाही, स्वतः ठरवू नका. आणि ताई एक महत्त्वाचं, पायात एकदम जोर कमी वाटला, मुंग्या आल्या, लघवी-संडास कळेना झाली तर उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच रात्री इमर्जन्सीत न्यायचं, मणक्यातली नस दबते. बादली तर हातात देऊच नका.

टॉवेलवाली:
पाणी आलं की आता मीच सुट्टी टाकते. गवंडी परत आणायचं औषध काही निघतंय का पण?

लॅबवाला_सोलापूर:
उंदरांमध्ये स्क्लेरोस्टिन रोखणारं औषध दिलं तेव्हा मायलोमा असूनही हाड वाढलं आणि मजबूत झालं, त्याला झोलेड्रोनिकची जोड दिली तर आणखी बरं. त्याच जातीचं औषध बायकांच्या ठिसूळ हाडांसाठी २०१९ पासून बाहेर मिळतंय. मायलोमाच्या पेशंटसाठी मात्र अजून रोजच्या वापरात नाही, कुणी आयुर्वेदिक म्हणून विकायला आलं तर दारातनंच परत पाठवा.

टॉवेलवाली:
अपडेट. उशीर झाला, सॉरी. दाढा दोन्ही काढल्या, जखम भरली. क्रिएटिनिन १.३ वर आलं, क्लिअरन्स ४१, परवा पहिलं झोलेड्रोनिक झालं, ३.३ मिलिग्रॅम. त्या रात्री थंडी वाजून ताप आला, आम्ही घाबरलो पण डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून पॅरासिटामॉल दिलं, सकाळी उतरला. भाकरी आता दुधात कुस्करून खातात, तोंड वाकडं करून. पुढचा प्रश्न, गड्ड्याला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, जायचं म्हणून मागं लागलेत, लहानपणापासनं एक पण चुकवला नाही म्हणे. होम मैदानावर त्या गर्दीत नेऊ का?

कडकभाकरी:
गर्दीत धक्का लागला तर बरगडी जाईल ताई. सकाळी लवकर न्या, गर्दी व्हायच्या आत, रिक्षावाल्याला खड्डे चुकवून सावकाश घे म्हणा. बेल्ट बांधून, मास्क लावून. पाळण्यात बसतो म्हणाले तर ऐकू नका.