मदत हवी आहे: घरी मृत्यू, दाखल्यावर सही कोण करेल?

आत्या आज पहाटे गिरगावात घरीच गेली. वय ८४, हृदयविकार जुना, संशयास्पद काही नाही. अंत्यसंस्कार चंदनवाडीला करायचे आहेत; मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरी दाखला लागणारच. घरच्या मृत्यूला या दाखल्याचा नमुना ४अ (ठरलेला फॉर्म) लागतो, एवढं माहीत आहे. पण नेहमीचे डॉक्टर परगावी. गल्लीतले डॉक्टर येऊन तपासून गेले, पण 'उपचार माझे नव्हते' म्हणत त्यांनी हात वर केले. (त्यांचंही चूक नाही म्हणा.) आत्याचं आणि माझं आधार, जुने ईसीजी, गोळ्यांच्या चिठ्ठ्या हाताशी आहेत. तिचा मुलगा पुण्याहून निघालाय, संध्याकाळपर्यंत थांबता येईल. हे कागद पाहून दुसरे एमबीबीएस डॉक्टर सही करू शकतात का? की पोलिसांना कळवावंच लागेल? आणि कळवलं तर शवविच्छेदन टळतं का?