ठाण्यातून एक प्रश्न: मुंबईतले ज्यू निर्वासित

प्रश्न: टेंभी नाक्यावरील 1879 च्या सिनेगॉगमुळे आम्हा ठाणेकरांना बेने इस्रायली (महाराष्ट्रातील मराठी बोलणारे ज्यू) शेजार परका नाही, परंतु हिटलरच्या छळामुळे युरोपातून आलेल्या ज्यूंनी मुंबईत बस्तान कसे बसवले?

उत्तर १: ज्यू संगीतकार वॉल्टर कॉफमन 1934 मध्ये आले. भारतीय संगीत त्यांना प्रथम अगम्य वाटले, तरी ते चिकाटीने शिकून आकाशवाणीत रुजू झाले. तंबोऱ्याच्या साथीने व्हायोलिन वाजणारी आकाशवाणीची पहाटेची धून त्यांचीच मानली जाते. (ती लागली की आमची आजी चहाचे आधण ठेवत असे.)

उत्तर २: सगळेच सुरळीत नव्हते. 1939 मध्ये युद्ध पेटताच ब्रिटिशांनी जर्मन पारपत्र असलेल्या अनेक ज्यूंनाही शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवून स्थानबद्ध केले.

प्रश्नकर्ता: आणि कॉफमन?

उत्तर १: 1946 मध्ये त्यांनी भारत सोडला, पुढे कॅनडातील विनिपेग येथे वाद्यवृंदाचे संचालक झाले.