कठीण दिवसांत रस्त्यावरची फोटोग्राफी: तुमचे अनुभव लिहा

घरातलं आजारपण, गेलेली नोकरी, जवळचं माणूस जाणं. अशा दिवसांत कॅमेरा किंवा मोबाइल घेऊन रस्त्यावर फोटो काढत हिंडण्याचा तुम्हाला आधार वाटला का? कुठे हिंडलात, लोकांशी कसं वागलात, सविस्तर लिहा. फोटो चांगलेच आले पाहिजेत असं नाही. सुरुवात मी करते.

बाबांना पार्किन्सन्स होता. सकाळी मदतनीस ताई आल्या की मी महात्मा फुले मंडईत जायचे. 1886 सालच्या त्या दगडी इमारतीत उंचावरून उजेड उतरतो, आणि भाजी रचणाऱ्या मावश्यांच्या हातांवर पडतो. मी हातच टिपत राहिले. बाबांच्या थरथरत्या हातांकडे बघवत नसे तेव्हा हे स्थिर, कामात असलेले हात बघून मला बरं वाटे.
– पुणे

बायकोच्या केमोसाठी परळच्या कॅन्सर हॉस्पिटलात जायचो. सलाईन लागलं की तास न् तास बसून राहायचं. तीच म्हणाली, "जा, जरा फिरून ये." लालबागपर्यंत चालत गेलो. गणपतीच्या आधीचे दिवस, कारखान्यांत मूर्तींच्या रांगा. एक कारागीर डोळ्यांची आखणी करत होते. परवानगी विचारली तर म्हणाले, "काढा, फक्त हात हलवू नका माझा." मग प्रत्येक वेळी तिकडे जायला लागलो. चिवडा गल्ली, चाळींचे जिने, शाळेतून येणारी पोरं. संध्याकाळी तिला फोटो दाखवायचे आणि ठेवायचे कुठले ते तिने ठरवायचं. फार कडक निवड करायची! आजाराशिवाय बोलायला आम्हाला काहीतरी मिळालं, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर राहणाऱ्या रुग्णांचे, नातेवाइकांचे फोटो मात्र एकदाही काढले नाहीत. आपण त्यांच्यातलेच असताना कॅमेरा कसा उचलणार?
– डोंबिवली

2020 च्या लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली. निर्बंध उठल्यावर दादरच्या फुलबाजारात पहाटे जाऊ लागलो. नवीन लोकांसाठी: 28 एमएम लेन्स (रुंद दृश्य टिपते), एफ/8 (लेन्सचं छिद्र लहान, म्हणजे जवळचं-लांबचं बरंच स्पष्ट येतं), शटर 1/250 सेकंद, फोकस अडीच मीटरवर कायम ठेवा. पुरेसं ऊन येईपर्यंत आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) वाढवा, फोटोत थोडे दाणे दिसले तरी चालतं. सेटिंगचा विचार संपला की समोरच्या माणसाकडे लक्ष जातं, आणि ईएमआयचा हिशेब तेवढा वेळ बंद होतो.
– ठाणे

मी वेगळं सांगते. घटस्फोटानंतर रोज फोटो टाकायचे आणि लाइक मोजत बसायचे. त्रास वाढलाच. मग व्हिव्हियन मायरबद्दल वाचलं. शिकागोत मुलं सांभाळणारी ही बाई आयुष्यभर रस्त्यांवर फोटो काढत राहिली. तिची निगेटिव्ह 2007 मध्ये लिलावात विकली गेली, तोवर ते काम जवळजवळ कुणी पाहिलंच नव्हतं. मी टाकणं बंद केलं, काढणं नाही.
– नागपूर

कोल्हापूरच्या चप्पल लाइनमध्ये फोटो काढतो, प्रिंट काढून ज्याचा त्याला नेऊन देतो. आई गेल्यावर माणसांशी बोलणंच सुटलं होतं. प्रिंट द्यायला गेलं की चहा होतो, बोलणं होतं. एका दुकानदार काकांनी काउंटरमागे स्वतःचा फोटो लावलाय. वर लालबागबद्दल लिहिणाऱ्या डोंबिवलीच्या दादांना विचारायचं होतं, कारागिरांना प्रिंट दिलेत का? नसतील तर गणपतीच्या आधी जरूर द्या.
– कोल्हापूर